जमिनीचा वापर, सामू आणि मातीतले सूक्ष्मजीव: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी: शेतांची निवड

प्रश्न असा आहे: जमीन जास्त राबवली की तिच्यातले जिवाणू आणि बुरशी किती बदलतात, आणि कशामुळे? यातलं 'कशामुळे' अवघड आहे. वर्षानुवर्षं नांगरलेल्या आणि खतं खाल्लेल्या जमिनीचा सामू (आम्लता सांगणारा पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी), सेंद्रिय कर्ब, ओल धरायची ताकद, घट्टपणा असं सगळंच एकदम बदललेलं असतं. पड जमिनीशी तिची सरळ तुलना केली तर फरक दिसणारच. तो फरक नांगराने केला की सामूने, हे मात्र त्यातून कळत नाही.

वापराचे चार गट धरले आहेत: कधीच न नांगरलेलं गवताळ पड, ओळींमध्ये गवत राखलेली फळबाग, वर्षाला एकच पीक घेणारं कोरडवाहू शेत, आणि वर्षाला दोन-तीन पिकं, भरपूर पाणी आणि रासायनिक खत असलेलं बागायती शेत. प्रत्येक गटात सहा शेतं. एकाच शेतातून सहा नमुने काढले तर ते सहा पुरावे होत नाहीत. ते एकाच शेताचे सहा तुकडे असतात, आणि गटांची तुलना करताना त्यांची मोजणी एकच होते. म्हणून शेतं वेगवेगळी, एकमेकांपासून निदान ५०० मीटर लांब, आणि शक्य तिथे चारही गटांतलं एकेक शेत एका टापूत. असे सहा टापू.

निवडीआधी चाचपणीचे नमुने आणून दोनच गोष्टी तपासायच्या: पोत आणि सामू. चिकणमातीचं प्रमाण सगळ्यांचं जवळपास सारखं हवं, उतार ३ टक्क्यांच्या आत, खोली पुरेशी. सामूच्या बाबतीत अट उलटी आहे. तो सगळीकडे सारखा नको, पण प्रत्येक गटात कमी सामूची दोन आणि जास्त सामूची दोन शेतं तरी हवीत. सगळी बागायती शेतं आम्लधर्मी आणि सगळी पडं उदासीन निघाली, तर नंतर कुठलंही गणित या दोन कारणांना वेगळं करू शकत नाही. ही अट पाळायला चाचपणीत दुप्पट शेतं बघावी लागतात, आणि ती मेहनत करायलाच हवी.

सामूवर एवढा भर का? २००६ साली उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींच्या अभ्यासात जिवाणूंच्या विविधतेचा संबंध तापमानापेक्षा किंवा अक्षांशापेक्षा सामूशी सर्वांत घट्ट निघाला; उदासीन मातीत विविधता जास्त, आम्लधर्मी मातीत कमी. इंग्लंडमधल्या रॉथॅम्स्टेड या शेती संशोधन केंद्रात जमिनीचा एक पट्टा आहे, तिथे १९ व्या शतकात चुना कमी-जास्त पडल्याने एकाच शेतात सामू सुमारे ४ पासून ८ च्या वर जातो. पीक तेच, हवामान तेच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तिथे सामू ४ वरून ८ कडे जाताना जिवाणूंची विविधता जवळपास दुप्पट झालेली दिसली. बुरशीवर मात्र परिणाम बराच सौम्य होता.

१९ जानेवारी: राबणुकीचा आकडा

'कमी', 'मध्यम', 'जास्त' असे शिक्के पुढे उपयोगी पडत नाहीत. जर्मनीतल्या गवताळ जमिनींसाठी २०१२ मध्ये मांडलेली रीत घेतली. तिथे खत, कापणी आणि चराई यांचे आकडे प्रत्येकी सरासरीने भागतात, बेरीज करतात आणि वर्गमूळ काढतात. पिकाच्या जमिनीला कापणी-चराई लागू पडत नाही, म्हणून आपले तीन घटक असे: वर्षाला हेक्टरी नत्र किलोमध्ये, मशागतीच्या पाळ्या, आणि जमीन उघडी राहते ते महिने.

उदाहरण: नत्र १२०, सगळ्या शेतांची सरासरी ८०, म्हणजे १.५. पाळ्या ६, सरासरी ४, म्हणजे १.५. उघडे महिने ५, सरासरी ४, म्हणजे १.२५. बेरीज ४.२५, वर्गमूळ २.०६.

हा आकडा आलेखाच्या आडव्या अक्षासाठी ठीक, पण तेवढ्यावर थांबू नये. शेणखतातून आलेलं नत्र आणि युरियातून आलेलं नत्र बेरजेत सारखंच दिसतं; मातीत ते निरनिराळं वागतं. शेणखताबरोबर कर्ब येतो. अमोनियमच्या खताचं नायट्रेट होताना अमोनियमच्या एका आयनामागे हायड्रोजनचे दोन आयन सुटतात आणि वर्षानुवर्षं सामू खाली येतो. म्हणून तिन्ही घटक सुटेसुद्धा नोंदवायचे, आणि नत्राचे दोन रकाने करायचे: सेंद्रिय आणि रासायनिक.

शेतकऱ्याला विचारायच्या गोष्टी: गेल्या पाच वर्षांतली पिकं, नांगरटीची खोली, चुना किंवा जिप्सम कधी घातलं, धसकटं जाळतात का, शेवटचं खत कुठल्या तारखेला, शेवटची फवारणी कुठली. चुन्याचा प्रश्न हमखास विसरला जातो आणि नंतर विचित्र सामूचा खुलासा होत नाही.

२ फेब्रुवारी: नमुने काढणे

वेळ: शेवटची नांगरट होऊन तीन आठवडे आणि शेवटचं खत पडून सहा आठवडे झालेले हवेत. सगळी शेतं एकाच आठवड्यात आणि वाफशावर. पाऊस झाला तर थांबायचं. कोरड्या मातीवर पाणी पडलं की काही तासांत श्वसन उसळतं आणि काही दिवस चढं राहतं. बर्च या संशोधकाने हे १९५८ मध्येच दाखवून दिलं आहे. अर्धी शेतं पावसाआधी आणि अर्धी नंतर घेतली तर आकडे पावसाचे येतील.

प्रत्येक शेतात बांधापासून १० मीटर आत, नागमोडी चालत १५ ठिकाणी २.५ सेंमी व्यासाचा नळीचा ऑगर (मातीचा गाभा काढायचं हत्यार). वरचा पालापाचोळा हाताने बाजूला करायचा, खरवडायचं नाही. ०–५ आणि ५–१५ सेंमी हे दोन थर वेगळ्या पिशव्यांत. नांगरलेल्या शेतात हे दोन थर एकसारखे असतात, पडात आणि फळबागेत मात्र कर्ब आणि बुरशी वरच्या पाच सेंमीत दाटलेली असते. ०–१५ एकत्र घेतलं की नांगराचा सर्वांत ठळक परिणाम सरासरीत विरून जातो.

फळबागेत झाडाच्या बुंध्याजवळ आणि दोन ओळींमध्ये माती फार वेगळी असते. इथे फक्त ओळींमधली घेतली. पिकाच्या शेतातही दोन ओळींच्या मधोमध, नाहीतर मुळांलगतची माती कुठे आली आणि कुठे नाही याचा हिशेब राहत नाही.

दोन शेतांच्या मध्ये ऑगर घासून धुवायचा, ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा, वाळू द्यायचा, आणि नव्या शेतातला पहिला गाभा फेकून द्यायचा. अल्कोहोलने जंतू मरतात, डीएनए तसाच उरतो. म्हणून घासणं हे पुसण्यापेक्षा महत्त्वाचं. हातमोजे दर शेताला नवे. बर्फाच्या पेटीत पिशव्या थेट बर्फावर न ठेवता मध्ये पुठ्ठा ठेवावा, म्हणजे कडेची माती गोठत नाही.

स्थूल घनतेसाठी (पोकळीसकट मातीची घनता) धातूची वेगळी कडी, प्रत्येक शेतात चार. कडी ठोकताना माती दबली तर आत-बाहेरची पातळी वेगळी दिसते. असा नमुना टाकून द्यायचा.

३ फेब्रुवारी: चाळणे आणि वाटणी

माती २ मिमीच्या चाळणीतून ओलसर असतानाच काढायची. उन्हात किंवा भट्टीत वाळवलेली माती रासायनिक तपासणीला चालते, सूक्ष्मजीवांना नाही. चिकणमाती फार ओली असेल तर चाळणीच्या जाळीवर लेप बसतो आणि कण चेपले जातात. ती स्वच्छ कागदावर सावलीत पसरून, अधूनमधून उलटी करत, बोटांत दाबल्यावर फुटण्याइतपत होऊ द्यावी. तोवर थांबणं शक्य नसेल तर सगळ्याच नमुन्यांना ४ मिमीची चाळणी. काहींना २ आणि काहींना ४ असं चालत नाही.

मुळं चिमट्याने वेचायला प्रत्येक नमुन्याला ठरलेली १० मिनिटं. पडातल्या मातीत केसांसारखी बारीक मुळं असतात आणि ती कधीच पूर्ण निघत नाहीत. पुढे सूक्ष्मजीवांच्या पेशी फोडून त्यांचा कर्ब मोजायला क्लोरोफॉर्मची धुरी दिली की मुळांच्या पेशीही फुटतात आणि त्यांचा कर्ब सूक्ष्मजीवांच्या खात्यावर चढतो. गवताळ जमीन आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसायचं हे एक कारण.

वाटणी: डीएनएसाठी ५ ग्रॅमच्या तीन नळ्या उणे ८० अंशांवर. जैवभार (जिवंत सूक्ष्मजीवांतला कर्ब) आणि श्वसनासाठी ५०० ग्रॅम ४ अंशांवर, पिशवीचं तोंड सैल, दोन आठवड्यांत काम संपवायचं. उरलेली सावलीत वाळवून रसायनांसाठी. ओलाव्यासाठी २० ग्रॅम लगेच १०५ अंशांवर २४ तास.

६ फेब्रुवारी: घनता, पोकळी आणि पाणी

हे मोजमाप बऱ्याच सूक्ष्मजीवांच्या कामांत गाळलं जातं, म्हणून गणित सविस्तर.

कडीचा आतला व्यास ५ सेंमी, उंची ५ सेंमी: आकारमान ९८.२ घसेंमी. भट्टीत वाळलेली माती १२७.६ ग्रॅम भरली तर स्थूल घनता १.३०. मातीच्या कणांची घनता २.६५ धरून पोकळी = १ − (१.३०/२.६५), म्हणजे ५१ टक्के. वजनाने ओलावा २२ टक्के असेल तर आकारमानाने २२ × १.३० = २८.६ टक्के. पोकळीतला पाण्याचा वाटा २८.६/५०.९, म्हणजे ५६ टक्के.

आता तोच २२ टक्के ओलावा, पण ट्रॅक्टरच्या चाकाखाली दबलेली माती, घनता १.५०. पोकळी ४३.४ टक्के, पाणी ३३ टक्के, पोकळीतला वाटा ७६ टक्के.

ओलाव्याचा आकडा जुळतो, तरी दोन मातींत राहणाऱ्या जिवाणूंचं जगणं वेगळं आहे. हवेवर जगणाऱ्यांचं काम पोकळीत पाणी साधारण ६० टक्के असताना सर्वांत जोरात चालतं. त्यापुढे ऑक्सिजन पोचायला वेळ लागतो, नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरणारे जिवाणू वरचढ होतात आणि नत्र वायू होऊन निघून जातं. राबणुकीचा मोठा भाग हा दबलेल्या पोकळीतून सूक्ष्मजीवांपर्यंत पोचतो, आणि नुसत्या ओलाव्याच्या रकान्यात तो दिसत नाही.

दुसरी बाब: नुकतीच भुसभुशीत केलेली जमीन आणि बसलेली जमीन यांच्या वरच्या १५ सेंमीत मातीचं वजन सारखं नसतं. दर हेक्टरी आकडे काढायचे तर सारख्या खोलीऐवजी सारख्या वजनावर काढावेत.

९ फेब्रुवारी: सामू दोनदा

१० ग्रॅम वाळलेली माती, २५ मिली पाणी, काचेच्या कांडीने ढवळून अर्धा तास ठेवायची, वाचनाआधी पुन्हा ढवळायची. मापक ४.०, ७.० आणि ९.२ वर जुळवून. मग दुसरा संच ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये.

दुसरा संच चैनीचा वाटेल, पण खताच्या शेतात तो लागतोच. मातीत खताचे क्षार उरलेले असतील तर पाण्यातला सामू त्यांच्यामुळे खाली येतो. पाऊस झाला की क्षार धुपून तोच सामू वर जातो. कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्षारांची पातळी सगळ्या नमुन्यांत सारखी होते. वाचन पाण्यापेक्षा साधारण अर्ध्या एककाने कमी येतं, मात्र शेताशेतांतली तुलना खरी होते. दोन वाचनांतला फरक काही शेतांत फारच कमी दिसला तर विद्युत वाहकता बघावी. बहुतेक वेळा ती तिथे चढलेली असते.

११ फेब्रुवारी: सेंद्रिय कर्ब

रीत वॉकले-ब्लॅकची: डायक्रोमेटने कर्ब जाळायचा आणि किती डायक्रोमेट खर्च झालं ते मोजायचं. बारीक दळलेली १ ग्रॅम माती, १ नॉर्मल डायक्रोमेट १० मिली, तीव्र सल्फ्युरिक आम्ल २० मिली, अर्धा तास. १० मिलीपैकी ८ मिलीहून जास्त डायक्रोमेट खर्च झालं तर माती अर्धा ग्रॅम घेऊन पुन्हा. पडाच्या वरच्या थरात हे होतं. या रीतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब जळतो असं धरून १.३ ने गुणतात. शंकुपात्र थंड होऊ दिलं तर कमी जळतो, म्हणून २० मिली आम्ल एकदम ओतायचं आणि पात्र धातूच्या ओट्यावर न ठेवता लाकडी फळीवर. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे: सांडपाणी वेगळ्या बरणीत, बेसिनमध्ये नाही.

१६ फेब्रुवारी: जैवभार, क्लोरोफॉर्मची धुरी

चाळलेली माती आधी सात दिवस २५ अंशांवर, पाणी धरायच्या क्षमतेच्या ५० टक्के ओलीवर ठेवली. चाळताना कण फुटतात, आतला कर्ब उघडा पडतो आणि श्वसन काही दिवस चढतं. ते उतरू द्यावं लागतं.

प्रत्येक नमुन्याचे दोन वाटे, कोरड्या वजनाने २५ ग्रॅमचे. एक वाटा डेसिकेटरमध्ये (हवाबंद काचेचं भांडं) क्लोरोफॉर्मबरोबर. तळाशी ओला कागद, क्लोरोफॉर्मच्या बीकरमध्ये उकळीचे खडे, पंपाने निर्वात करून क्लोरोफॉर्म दोन मिनिटं उकळू द्यायचं, मग झडप बंद करून २४ तास अंधारात. दुसरा वाटा लगेच ०.५ मोलर पोटॅशियम सल्फेटच्या १०० मिलीत अर्धा तास हलवून गाळायचा. धुरी संपली की पंप पुन्हा पुन्हा चालवून वास पूर्ण जाईपर्यंत क्लोरोफॉर्म काढायचं आणि तसंच गाळायचं.

बिघडायच्या जागा:

क्लोरोफॉर्म अल्कोहोल घालून टिकवलेलं असेल तर अल्कोहोलचा कर्ब मातीत राहतो आणि जैवभार फुगतो. बाटलीवर टिकवणारा पदार्थ वाचायचा; अमिलीनवालं चालतं.

गाळण कागदातूनही कर्ब सुटतो. मातीविना चाललेले तीन कोरे अर्क प्रत्येक तुकडीत.

चुनखडीच्या मातीचे अर्क गोठवून वितळवले की तळाशी पांढरा गाळ बसतो. ते जिप्सम आहे. बाटली न हलवता वरचं पाणी घ्यायचं.

माती फार कोरडी असेल तर धुरी पेशींपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ओल आधी सारखी करणं आलंच.

गणित: धुरीच्या वाट्यात ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅम कर्ब, बिनधुरीच्या वाट्यात ४०, फरक ११०. धुरीने सगळा कर्ब सुटत नाही, म्हणून फरकाला गुणकाने भागायचं. यंत्राने सेंद्रिय कर्ब मोजला असेल तर गुणक ०.४५, म्हणजे २४४. डायक्रोमेटने मोजला तर ०.३८, म्हणजे २८९. माती तीच, आणि जैवभार जवळपास अठरा टक्क्यांनी वेगळा! दुसऱ्यांच्या कामाशी तुलना करताना आधी गुणक विचारावा.

१९ फेब्रुवारी: श्वसन

५० ग्रॅम माती झाकणाच्या बरणीत, शेजारी छोट्या वाटीत ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा २० मिली. तीन दिवस २५ अंशांवर. बेरियम क्लोराइडने कार्बोनेट बसवून, फिनॉल्फ्थॅलीन घालून ०.१ नॉर्मल आम्लाने टायट्रेशन. कोऱ्या बरणीला १९.४ मिली आणि मातीच्या बरणीला १३.४ मिली आम्ल लागलं तर फरक ६.०, ६.० × ०.१ × ६ = ३.६ मिग्रॅ कर्ब. म्हणजे ग्रॅममागे दिवसाला २४, तासाला १ मायक्रोग्रॅम. या मातीचा जैवभार ४०० असेल तर प्रत्येक मिलिग्रॅम जैवभार-कर्बामागे तासाला २.५ मायक्रोग्रॅम.

हा शेवटचा भागाकार जैवभाराची खर्चिकता सांगतो. तो वाढला की दोन अर्थ निघतात: सूक्ष्मजीव ताणाखाली आहेत, किंवा त्यांना नुकताच सोपा कर्ब मिळाला आहे. शेणखत टाकलेलं शेत आणि आम्लधर्मी झालेलं शेत दोन्ही इथे उंच दिसू शकतात. जैवभार आणि एकूण कर्बाचं गुणोत्तर शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लावू नये. ते गुणोत्तर शेतजमिनीत साधारण काही टक्क्यांत असतं; १९८९ च्या एका मोठ्या तुलनेत एकच पीक घेणाऱ्या जमिनींत सरासरी २.३ आणि फेरपालटीच्या जमिनींत २.९ टक्के होतं.

सोड्यापैकी निम्म्याहून जास्त खर्च झाला तर वायू शोषणं मंदावतं; तिथे बरणी लवकर बदलायची.

२३ फेब्रुवारी: डिहायड्रोजिनेज, जपून

डिहायड्रोजिनेज हे जिवंत पेशींतलं विकर; त्याच्या कामातून इलेक्ट्रॉन मिळाले की टीटीसी हे रंगहीन रसायन लाल होतं. ६ ग्रॅम माती, ६० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, ३ टक्के टीटीसी १ मिली, पाणी २.५ मिली, ३७ अंशांवर २४ तास, मिथेनॉलने लाल रंग उतरवून ४८५ नॅनोमीटरवर वाचन.

राबणुकीच्या अभ्यासात ही तपासणी फार वापरतात, आणि नेमकी इथेच ती दगा देते. मातीत नायट्रेट भरपूर असेल तर इलेक्ट्रॉन टीटीसीऐवजी नायट्रेटकडे जातात आणि रंग कमी उमटतो. तांब्याची फवारणी झालेल्या बागेत तांबंही लाल रंगाचं वाचन खाली आणतं. दोन्ही वेळा जिवाणूंचं काम जितकं मंदावलंय त्यापेक्षा आकडा जास्त खाली दिसतो. नायट्रेट आणि तांबं मोजलं नसेल तर या रकान्यावर निष्कर्ष टेकवू नये.

४ मार्च: डीएनए काढणे

एका नळीत फक्त ०.२५ ग्रॅम माती जाते आणि ती अख्ख्या शेताच्या वतीने बोलते. म्हणून प्रत्येक नमुन्याचे तीन अर्क काढून एकत्र. जादा चिकणमातीत सुटलेला डीएनए कणांना चिकटून राहतो; फॉस्फेट असलेलं द्रावण त्याला सोडवायला मदत करतं. मण्यांनी कुटण्याचा वेळ सगळ्यांना सारखा: कमी कुटलं तर जाड भिंतीचे जिवाणू आणि बुरशी मागे राहतात, जास्त कुटलं तर डीएनएचे तुकडे होतात.

नळ्यांची रांग वापराच्या गटाप्रमाणे लावायची नाही. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा. सगळी पडं एका दिवशी आणि सगळी बागायत दुसऱ्या दिवशी झाली तर दिवसाचा फरक गटाचा म्हणून दिसेल. प्रत्येक तुकडीत मातीविना एक नळी, आणि ती शेवटपर्यंत, वाचनापर्यंत न्यायची. डीएनए काढायच्या तयार संचाच्या रसायनांतही जिवाणूंचा डीएनए असतो.

पडाच्या वरच्या थराचे अर्क चहासारखे तपकिरी उतरतात. ते ह्युमिक आम्ल आहे आणि ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायची क्रिया, अडवतं. तपासणी: मूळ अर्क आणि दहापट पातळ केलेला अर्क दोन्ही क्यूपीसीआरमध्ये (प्रती मोजणारं पीसीआर). अडथळा नसेल तर पातळ अर्क ३.३ चक्रं उशिरा उगवतो. फरक एक-दीड चक्राचाच आला तर मूळ अर्क अडतोय. उपाय: पातळ अर्क वापरणं, मिश्रणात बीएसए हे प्रथिन घालणं, पुन्हा एकदा स्तंभातून धुणं. ही तपासणी टाळली की जास्त कर्बाच्या जमिनीत 'जिवाणू कमी' असा उफराटा निकाल हाती येतो.

१८ मार्च: वाचनं आणि त्यांच्या मर्यादा

कोण कोण आहे हे ओळखायला डीएनएचे ठरावीक तुकडे वाचायचे: जिवाणूंसाठी १६एस जनुकाचा व्ही४ भाग, ५१५एफ–८०६आर प्राइमर (तुकड्याची टोकं पकडणारे छोटे डीएनए), बुरशीसाठी आयटीएस हा भाग. चक्रं ३० च्या आत, म्हणजे दोन जिवांचे जोडतुकडे कमी होतात. आयटीएसची लांबी जातीजातीत बदलते, म्हणून १६एससारखं ठरावीक लांबीवर कापायचं नाही; प्राइमर काढायचे आणि दर्जावर गाळायचं. मुळांत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीला आयटीएस नीट पकडत नाही. तिच्यासाठी १८एस जनुक वेगळं, शिवाय मुळं पोटॅशच्या द्रावणात उकळून, ट्रिपॅन ब्ल्यूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. नांगर तिचं जाळं तोडतो आणि भरपूर स्फुरद दिलं की झाडाला तिची गरज उरत नाही. राबणुकीची खूण बघायला हा गट सर्वांत बोलका आहे.

आलेला तक्ता वाटे सांगतो, संख्या सांगत नाही. एका गटाचा वाटा वाढला म्हणजे तो वाढला असं नाही; दुसरे घटले असतील. क्यूपीसीआरच्या एकूण संख्येने वाटे गुणल्यावरच चित्र पूर्ण होतं. त्यातही दोन गोष्टी राबणुकीच्या दिशेनेच झुकतात. भराभर वाढणाऱ्या जिवाणूंकडे १६एसच्या प्रती जास्त असतात, आणि खताच्या उघड्या जमिनीत तेच वाढतात, म्हणून त्यांचा वाटा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. दुसरं, मेलेल्या पेशींचा डीएनएही मोजला जातो. २०१६ च्या एका अभ्यासात मातीतल्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के असा निघाला होता. जिथे तो टिकून राहतो तिथे बदल झाकला जातो.

७ एप्रिल: विश्लेषणाचा क्रम

शेताशेतांतले सूक्ष्मजीवांचे समूह एकमेकांपासून किती वेगळे, या अंतरावर 'अडोनिस२' (कुठल्या घटकाने किती फरक पडतो ते वाटून देणारी संगणकीय चाचणी) घटकवार (by = "terms") चालवताना सूत्रातले घटक ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने श्रेय वाटलं जातं. 'वापर + सामू' लिहिलं तर दोघांचं सामाईक श्रेय वापराला. 'सामू + वापर' लिहिलं तर सामूला. दोन्ही क्रमांनी चालवलं. वापर दुसरा आला की त्याचा जिवाणूंमधला वाटा बराच आक्रसतो, बुरशीत त्यामानाने थोडा. रॉथॅम्स्टेडच्या पट्ट्याशी हे जुळतं. अहवालात एकच क्रम देणं म्हणजे निकाल आधीच ठरवणं. दोन्ही क्रम आणि सामाईक भाग असे तिन्ही आकडे द्यायचे. चाचणीसाठी शेतांची यादृच्छिक अदलाबदल टापूच्या आतच, आणि गटांचं आतलं पसरणं सारखं आहे का हे 'बीटाडिस्पर' या दुसऱ्या चाचणीने आधी बघायचं.

जातींची संख्या बागायतीत घटलेली नाही. यात नवल नाही. अॅमेझॉनमध्ये जंगल तोडून कुरणं केली तिथे २०१३ च्या कामात एकेका जागेवर जिवाणूंच्या जाती वाढलेल्या होत्या, पण जागा एकमेकींसारख्या झाल्या होत्या. आपल्याकडेही बघायची गोष्ट ती: दोन बागायती शेतं एकमेकांशी किती मिळतीजुळती आणि दोन पडं किती. 'जाती जास्त म्हणजे माती निरोगी' हे समीकरण या कामात कुठेही वापरायचं नाही.

खताबद्दलही घाई नको. ६४ दीर्घकालीन प्रयोगांच्या २०१४ च्या आढाव्यात रासायनिक खताने जैवभार सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेला होता, कारण पीक जोमदार झालं की मुळं आणि धसकटंही वाढतात. सामू ५ च्या खाली गेला तिथे मात्र जैवभार घटण्याकडे कल होता. पुन्हा सामूच.

२१ एप्रिल: पुढची चाचणी

शेतांच्या तुलनेतून कारण सिद्ध होत नाही, म्हणून बरण्यांचा प्रयोग. कमी सामूचं बागायती शेत आणि कमी सामूचं पड, दोन्हींची माती. तीन वागणुका: काही न घालता, कॅल्शियम कार्बोनेट घालून सामू ६.८ पर्यंत, आणि तितक्याच कॅल्शियमचं जिप्सम. जिप्समची बरणी नसेल तर दिसलेला फरक सामूचा की कॅल्शियमचा हे सांगता येत नाही. कार्बोनेट किती लागेल हे आधी १० ग्रॅम मातीच्या छोट्या नळ्यांत चढत्या मात्रांनी, आठवडाभर मुरवून ठरवायचं. चिकणमाती आणि कर्ब जास्त तितकी मात्रा जास्त, त्यामुळे पड आणि बागायतीची मात्रा वेगळी निघेल. जिप्समचं वजन त्या-त्या मात्रेच्या १.७२ पट.

आम्लधर्मी मातीत पडलेल्या कार्बोनेटमधून स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि श्वसनाच्या बरणीतला कॉस्टिक सोडा तो जिवाणूंचा म्हणून मोजतो. म्हणून पहिले चार आठवडे श्वसनाचं वाचन नाही, बरण्या दर दोन दिवसांनी उघडून हवा द्यायची आणि वजन करून उडालेलं पाणी भरायचं. सामू स्थिरावल्याची खात्री दोन लागोपाठच्या आठवड्यांत ०.१ च्या आतला फरक अशी. त्यानंतर श्वसन, जैवभार आणि डीएनए, तिन्ही एकाच दिवशी उघडलेल्या बरणीतून. प्रत्येक वागणुकीच्या पाच बरण्या, आणि त्या पाच एकाच शेताच्या न घेता पाच टापूंतल्या.